टाइम ट्रायल आपला प्रांत नसेल, तर सेकंद कुठे वाचवायचे?

माझ्या पहिल्या टाइम ट्रायलचं, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने चालवायच्या सायकल शर्यतीचं, अंतर २० किमी होतं. तासभर टिकवता येईल असा माझा जोर तेव्हा साधारण २४० वॉट होता आणि हा आकडा मला तोंडपाठ होता. तरीही पहिली चार मिनिटं मी सरासरी ३०० वॉटने चालवली. पाय हलके वाटत होते, धाप लागलेली नव्हती, वाटलं आज अंगात काहीतरी वेगळं आहे. सहाव्या किलोमीटरला मांड्या पेटल्या. अकराव्यापासून पुढे २१० वॉटसुद्धा ओढून काढावे लागले आणि माझ्यामागून दोन मिनिटांनी सुटलेला सायकलस्वार मला बाजूने ओलांडून निघून गेला. संध्याकाळी सायकल-कॉम्प्युटरमधली नोंदींची फाइल उघडून बसलो तेव्हा लक्षात आलं, की मी ताकदीला कमी पडलो नव्हतो. जी ताकद होती ती चुकीच्या जागी खर्च केली होती.

तेव्हापासून मी या प्रकाराकडे एकाच नजरेने बघतो. टाइम ट्रायलमध्ये मुरलेले लोक वर्षानुवर्षं तयारी करून सेकंद कमावतात. आपल्यासारख्याने आधी हातचे सेकंद जाऊ द्यायचे थांबवावं. हा लेख त्या सायकलस्वारासाठी आहे, जो घोळक्यात बरा चालवतो, चढावर टिकतो, पण ज्याच्याकडे टाइम ट्रायलची खास सायकल नाही. कधी एकच दिवसाची स्पर्धा म्हणून, तर कधी अनेक टप्प्यांच्या शर्यतीतला एक टप्पा म्हणून त्याला घड्याळाविरुद्ध एकट्याने उतरावं लागतं.

लढाई हवेशी आहे

घोळक्यात दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की पाव ते एक तृतीयांश जोर वाचतो. टाइम ट्रायलमध्ये ती सोय नाही. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमीच्या आसपास तुमच्या जोराचा फार मोठा हिस्सा हवा कापण्यात जातो, आणि त्या हवेला अडवणारी मुख्य गोष्ट सायकल नसून तुमचं शरीर असतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, तर त्यावर मात करायला लागणारा जोर वेगाच्या घनाने. म्हणजे ३० वरून ३३ वर जायचं तर वेग १० टक्क्यांनी वाढतो, पण हवेसाठी लागणारा जोर ३३ टक्क्यांनी.

या हिशोबाचा अर्थ नीट समजून घ्या. सहा आठवडे घाम गाळून जोर पाच टक्क्यांनी वाढवलात तर वेगात जेमतेम दीड टक्क्याची भर पडते. तेवढीच भर खांदे आत घेतल्याने आणि डोकं दोन बोटं खाली आणल्याने पडू शकते. म्हणून तयारीचा क्रम मी असा लावतो: आधी बसण्याची ढब, मग जोर वाटून खर्चण्याची सवय, मग ताकद आणि सगळ्यात शेवटी खरेदी. बहुतेक लोक खरेदीपासून सुरुवात करतात.

१९८९ च्या तूर द फ्रान्सचं उदाहरण यासाठीच पुन्हा पुन्हा दिलं जातं. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किमीची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड एकूण वेळेत ५० सेकंदांनी मागे होता. त्याने कोपर टेकवायचे एअरोबार लावले होते आणि डोक्यावर निमुळतं हेल्मेट होतं. पुढे असलेला लोरां फिन्याँ साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने आणि मागे बांधलेल्या केसांनी उतरला. तीन आठवड्यांची, तीन हजारांहून अधिक किलोमीटरची ती शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली.

ढब: आहे त्याच सायकलवर

आरशासमोर किंवा बाजूला मोबाइल ठेवून ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) बसा आणि स्वतःचं चित्रीकरण करा. एकदा बाजूने, एकदा समोरून. समोरून घेतलेलं जास्त बोलकं असतं. कोपर बाहेर फाकलेले दिसतात, गुडघे बाहेर जातात, खांदे रुंद पसरलेले असतात आणि डोकं पाटीसारखं उभं असतं.

साध्या रोड सायकलवर सगळ्यात कामाची ढब म्हणजे हात ब्रेक-हुडवर (ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी मुठींवर), कोपर जवळजवळ काटकोनात वाकलेले आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात जमिनीला समांतर. हँडलच्या खालच्या वळणात हात सरळ ठेवून बसण्यापेक्षा ही ढब बहुतेकांना अधिक वेगवान ठरते, कारण छाती खाली जाते आणि हात हवेच्या वाटेतून हटतात. पण ती दंडांना आणि पाठीला सोसायला हवी. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत दंड थरथरतील. आठवड्यातून तीनदा पाच-पाच मिनिटं करत गेलात की महिन्याभरात वीस मिनिटं टिकते.

मान लांब करून हनुवटी पुढे काढू नका. कासव मान आत ओढतं तसं डोकं खांद्यांच्या मध्ये घ्या आणि खांदे कानांकडे आक्रसू द्या. ट्रेनरवर हे विचित्र वाटतं, रस्त्यावर लगेच फरक कळतो. नजर मात्र वर, रस्त्यावरच. याबद्दल मी पुढे पुन्हा बोलणार आहे, कारण माझ्या लेखी या लेखातली तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

नुसत्या हँडलवर, आधाराशिवाय, कोपरापुढचे हात टेकवून झुकण्याचा मोह टाळा. तसं टेकून चालवणं रोड रेसमध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, २०२१ पासून बंद केलं आहे, आणि कारण उघड आहे: एका खड्ड्यात हात निसटतो.

एअरोबार लावायचे असतील तर आधी स्पर्धेची नियमावली वाचा. काही ठिकाणी साध्या रोड सायकलींचा वेगळा गट असतो आणि त्यात ते चालत नाहीत. चालत असतील तर स्पर्धेच्या किमान चार आठवडे आधी लावा. हँडलवर झुकल्यावर मांडी आणि पोट यांच्यातला कोन आवळतो, श्वास अडखळतो आणि जोर घटतो. उपाय म्हणून सीट थोडी पुढे सरकवा आणि काही मिलिमीटर वर घ्या, म्हणजे सगळं शरीर पेडल ज्या अक्षावर फिरतात त्याच्याभोवती पुढे फिरल्यासारखं होईल. एकदम खूप खाली जाऊ नका. ज्या ढबीत जोर १० टक्क्यांनी पडतो ती दिसायला कितीही सुंदर असली तरी तोट्याची आहे.

कुठली ढब खरोखर वेगवान आहे हे घरच्या घरी पडताळायचा एक मार्ग सांगतो. वारा नसलेल्या पहाटे, रहदारी नसलेला एक सरळ सौम्य उतार शोधा. एका ठरलेल्या खुणेपासून पेडल न मारता उतरा आणि खालच्या खुणेपाशी वेग किंवा लागलेला वेळ लिहा. प्रत्येक ढबीत चार-पाच वेळा, ढबी आलटून पालटून. टायरची हवा आणि कपडे तेच ठेवा. तुमचे खांदे काय करताहेत हे त्या आकड्यांतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुणाच्या सल्ल्यातून दिसत नाही.

सहा आठवड्यांची तयारी

पहिल्या आठवड्यात आपला आकडा ठरवा. चांगलं वॉर्मअप करून २० मिनिटं जास्तीत जास्त सातत्याने चालवा. त्या सरासरी वॉटच्या ९५ टक्के म्हणजे तुमचा अंदाजे एफटीपी, तासभर टिकणारा जोर. २० मिनिटांत २६३ वॉट निघाले तर एफटीपी साधारण २५०. ही चाचणी तुम्ही ज्या ढबीत स्पर्धा करणार आहात त्याच ढबीत द्या. ताठ बसून मिळालेला आकडा वाकून टिकत नाही आणि मग स्पर्धेत तो आकडाच तुम्हाला फसवतो.

आठवड्यात दोन कठीण सराव पुरेत. एकात लांब तुकडे: पहिल्या आठवड्यांत १० मिनिटांचे तीन, मग १५ चे दोन, मग २० चे दोन, एफटीपीच्या ९५ ते १०० टक्क्यांवर. दुसऱ्यात लहान आणि तिखट तुकडे: ४ ते ५ मिनिटांचे चार-पाच, १०५ ते ११० टक्क्यांवर, मध्ये तेवढीच विश्रांती. कधी वर-खाली तुकडेही करा, म्हणजे दोन मिनिटं ९५ टक्के, एक मिनिट १०५, असं न थांबता बारा मिनिटं. चढ चढून माथ्यावर न थांबता पुन्हा लयीत येण्याची सवय यातूनच लागते. बाकीचे दिवस आरामात चालवा, अगदी गप्पा मारता येतील इतक्या आरामात.

लांब तुकड्यांत एक शिस्त पाळा: प्रत्येक तुकड्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा दोन-चार वॉटने जास्त निघाला पाहिजे. तसं झालं नाही तर सुरुवात चुकली असं लिहून ठेवा. जोर वाटून खर्चण्याचं कौशल्य स्पर्धेच्या दिवशी अचानक येत नाही, ते इथेच शिकायचं असतं.

शेवटच्या आठवड्यात एकूण वेळ निम्म्यावर आणा, पण तिखटपणा काढून टाकू नका. नाहीतर पाय मंद पडतात. आदल्या दिवशी पाऊण तास हलकं चालवून त्यात स्पर्धेच्या वेगाचे एक-एक मिनिटाचे तीन तुकडे टाका आणि पाय वर करून बसा.

सायकल आणि कपडे

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. चेन स्वच्छ आणि वंगण दिलेली. गिअर सुरळीत. ब्रेक चाकाला घासत नाहीत ना, हे चाक हवेत फिरवून पाहा. टायर चांगल्या प्रतीचे, लवचीक आणि न झिजलेले. खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करा. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरायची चूक करू नका. खडबडीत रस्त्यावर दगडासारखं टायर सायकलला उडवतं, आणि उडण्यात जोर वाया जातो. बाजूने जोराचा वारा असेल तर खोल रिमचं पुढचं चाक घरी ठेवा.

सीटखालची अवजड पिशवी, वापरात नसलेला दिवा, दुसरी बाटली काढून टाका. मार्गावर तुम्हाला उचलून आणणारं कुणी नसेल तर एक ट्यूब आणि पंप मात्र बरोबर असू द्या.

कपडे अंगाला चिकटून बसणारे हवेत. फडफडणारं विंडचीटर किंवा सैल जर्सी तुमच्याकडून एका चांगल्या चाकाच्या फरकाएवढे वॉट खाऊ शकते. आणि क्रमांकाची पट्टी! ती मी पूर्वी उभ्याने स्वतःच, चार कोपऱ्यांना चार पिना लावून घ्यायचो. सायकलवर वाकल्यावर पाठ ताणली जायची, पट्टी मध्ये फुगायची आणि पूर्ण वाटभर मागे कागद फडफडत असल्याचा आवाज यायचा. आता मी सायकलवर बसल्यासारखा टेबलावर वाकतो आणि सोबत्याला पिना लावायला सांगतो: चार कोपरे, चारही कडांचे मध्य, वरची कड सगळ्यात घट्ट, कारण हवा तिथूनच आत शिरते. आठ पिना आणि दोन मिनिटं. इतकं स्वस्त काही नाही.

मार्ग आधी पाहा

शक्य असेल तर आदल्या दिवशी संपूर्ण मार्ग हळू चालवा, निदान गाडीतून तरी पाहा. फक्त वळणं बघू नका. रस्ता कुठे खरखरीत आहे, चढ नजरेला दिसतो त्यापेक्षा कुठे लांबतो, झाडांचा आडोसा संपून वारा कुठे अंगावर येईल, शेवटची रेषा वळणानंतर किती दूर आहे, हे बघा. शेवटच्या तीन किलोमीटरमधली एक ठळक खूण निवडा: एखादा पूल, पाण्याची टाकी, पिवळी भिंत. तिथून राखून ठेवलेलं सगळं बाहेर काढायचं.

यू-टर्न असेल तर तो चार-पाच वेळा घोटा. मी करतो तो क्रम असा: वळणाच्या ५० मीटर आधी हात ब्रेकवर, दोन-तीन गिअर हलके करून ठेवायचे, मागे बघायचं, रस्त्याच्या बाहेरच्या कडेने आत यायचं, आतलं पेडल वर, नजर वळणाच्या मध्यावर ठेवलेल्या शंकूवर न ठेवता जिकडे बाहेर पडायचंय तिकडे. वळण संपताच उभं राहून सात-आठ पेडल आणि पुन्हा खाली बसायचं. जड गिअरवर वळणात शिरलात तर बाहेर पडताना पाय रुततात आणि चार-पाच सेकंद तिथेच जातात, शिवाय त्या झटक्याने पाय भरून येतात ते वेगळंच.

स्पर्धेची सकाळ

जेवण सुटण्याच्या तीन तास आधी, हलकं, पिष्टमय आणि सवयीचं. त्या दिवशी नवा पदार्थ नको. कॉफीची सवय असेल तर तासभर आधी घ्या. कॅफीनचं प्रमाण दर किलो वजनामागे सुमारे ३ मिलीग्रॅम भरेल इतपत. सवय नसेल तर या दिवशी प्रयोग करू नका. अर्ध्या तासाच्या आतल्या स्पर्धेत वाटेत खायची गरज पडत नाही. पाणीही घोटभर, तोंड ओलं करण्यापुरतं.

आपली सुटण्याची वेळ तीनदा वाचा. घड्याळ तुमची वाट पाहत नाही. तुम्ही ४० सेकंद उशिरा पोहोचलात तर तुमची वेळ ठरलेल्या क्षणापासूनच मोजली जाते आणि ते ४० सेकंद तुमच्या खात्यात पडतात. अधिकृत घड्याळाशी स्वतःचं घड्याळ जुळवून घ्या.

स्पर्धा जितकी छोटी तितकं वॉर्मअप महत्त्वाचं. १५-२० किमीसाठी मी २५ मिनिटं घेतो: दहा मिनिटं अगदी हलकं, मग पाच मिनिटांत हळूहळू एफटीपीच्या जवळ, मग स्पर्धेच्या जोरावर एक-एक मिनिटाचे तीन तुकडे, मध्ये दोन मिनिटं सैल पाय. सुटण्याच्या सात-आठ मिनिटं आधी सायकलवरून उतरून घाम पुसायचा. ऊन असेल तर हे सगळं निम्मं करा, सावलीत करा, मानेवर गार पाणी घ्या. शरीर आधीच तापलेलं घेऊन रेषेवर जाणं म्हणजे शेवटच्या पाच किलोमीटरचं नुकसान आधीच करून ठेवणं.

सायकल-कॉम्प्युटरवर तीनच आकडे ठेवा: दहा सेकंदांची सरासरी वॉट, एकूण सरासरी वॉट आणि उरलेलं अंतर. आपोआप थांबणारी सोय बंद करा. क्षणाक्षणाला उड्या मारणारा वॉटचा आकडा आणि वेग दोन्ही झाकून टाका. वाऱ्यात वेग बघितला की मन खचतं आणि उतारावर उगाच फुगतं.

सुटताना, आणि पहिली पाच मिनिटं

मागून सीट धरणारा माणूस असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवा आणि दोन्ही ब्रेक धरा, म्हणजे सायकल हलणार नाही. गिअर मधला. जोराचा पाय पुढे, पेडल आडव्यापेक्षा किंचित वर. पाच, चार, तीन असं मोजायला लागले की एक पूर्ण श्वास बाहेर सोडा, ब्रेक सोडा आणि शून्यावर उभे राहा. आठ-दहा पेडलांत वेग घ्या आणि बसा. बसल्यावर पहिलं काम ढब धरण्याचं. जोराचा विचार त्यानंतर.

आता तो फसवा काळ सुरू होतो. पहिल्या एक-दोन मिनिटांत स्नायूंकडे साठवलेली तात्काळ ऊर्जा असते आणि ताजेपणा असतो, त्यामुळे जास्तीचा जोरही सोपा वाटतो. हृदयाचे ठोकेही दोन-तीन मिनिटं मागे रेंगाळतात. हृदयगती बघून चालवणाऱ्याला वाटतं अजून बराच वाव आहे, म्हणून तो पाय आणखी दाबतो. खरी किंमत सात-आठ मिनिटांनी वसूल होते, आणि व्याजासकट. एकदा पाय आम्लाने भरले की स्पर्धेच्या वेगात ते रिकामे होत नाहीत.

म्हणून लक्ष्य २५० वॉट असेल तर सुटण्याचे दहा सेकंद सोडून पहिली तीन-चार मिनिटं २४० वर चालवा. हे अंगाला टोचेल. आपण संथ आहोत, बाकीचे पुढे निघून गेले, असं वाटेल. तसं वाटलं तर समजा की बरोबर चाललंय. पॉवर मीटर (वॉट मोजणारं उपकरण) नसेल तर श्वास ऐका: पहिल्या तिसऱ्या हिश्शात एक छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे, मधल्या हिश्शात दोन-तीन शब्द, शेवटच्या हिश्शात काहीच नाही.

लक्ष्य किती ठेवायचं? २५ मिनिटांच्या आसपासच्या स्पर्धेला एफटीपीच्या १०० ते १०५ टक्के, तासाभराच्या स्पर्धेला ९५ ते १००. पहिल्याच वेळी खालचा आकडा धरा.

वारा, चढ आणि मधला कंटाळा

जाऊन परत यायच्या मार्गावर वाऱ्याचा हिशोब असा. जाताना १० किमी तोंडावरच्या वाऱ्यात ताशी ३० ने गेलात तर २० मिनिटं लागतात. येताना पाठीच्या वाऱ्यात ताशी ५० ने १२ मिनिटं. आता जाताना ताशी १ किमीने वेग वाढवला तर सुमारे ३९ सेकंद वाचतात, येताना तेवढाच वाढवला तर फक्त १४. म्हणजे जिथे संथ आहात तिथे जास्त द्या, जिथे वेगात आहात तिथे थोडा दम खा. तोंडावर वारा किंवा चढ असेल तेव्हा लक्ष्याच्या ५ ते ८ टक्के वर, पाठीशी वारा किंवा उतार असेल तेव्हा तेवढेच खाली. चढावरही १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका, आणि माथ्यावर पोहोचताच सुस्कारा सोडून पाय सैल टाकू नका. माथा ओलांडून वेग परत येईपर्यंत दाबत राहा. तिथले वीस सेकंद बहुतेक जण सोडून देतात. ताशी ५० च्या पुढे उतारावर मात्र पेडल मारून फार काही हाती लागत नाही. अंग आवळून घ्या आणि श्वास भरून घ्या.

पूर्ण चढाची टाइम ट्रायल असेल तर गणित पालटतं. वेग ताशी २० च्या खाली गेला की हवेपेक्षा वजन भारी पडतं आणि तुमची साधी सायकल तिथे कमी नाही. २०२० च्या तूरमध्ये ला प्लांश दे बेल फीयच्या ३६.२ किमी टाइम ट्रायलमध्ये तादेय पोगाचारने पायथ्याशी टाइम ट्रायलची सायकल सोडून रोड सायकल घेतली. सकाळी तो एकूण वेळेत प्रिमोझ रॉग्लिचपेक्षा ५७ सेकंदांनी मागे होता, संध्याकाळी ५९ सेकंदांनी पुढे.

मधला तिसरा हिस्सा सगळ्यात अवघड. सुरुवातीची झिंग उतरलेली असते, शेवट दिसत नाही आणि मन भटकतं. मी त्या वेळी दर मिनिटाला एक फेरी मारतो: डोकं आत? खांदे सैल? कोपर जवळ? पेडल गोल? आकडा जागेवर? भटकलेल्या अर्ध्या मिनिटात वीस वॉट कसे गळून जातात हे नंतर फाइलमध्येच दिसतं.

कुणी मागून येऊन ओलांडलं तर त्याला जाऊ द्या. त्याच्या मागे लागायचं नाही. यूसीआयच्या नियमांत ओलांडताना बाजूने किमान २ मीटरचं अंतर ठेवावं लागतं आणि एक किलोमीटरनंतर मागच्याने किमान २५ मीटर दूर राहावं लागतं. त्याच्या चाकामागे राहिलात तर वेळेचा दंड बसतो. तुम्ही कुणाला गाठत असाल तरी आकडा सोडून झेप घेऊ नका, तो आपोआप जवळ येईल.

शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये, निवडलेल्या खुणेपाशी, आकडे बघणं बंद करा. शेवटच्या किलोमीटरला पाय बधिर झाले तरी ढब मोडू नका, कारण डोकं वर करून हेलकावे खाल्ले की उरलेला सगळा जोर हवेला जातो. रेषेनंतरही दहा मीटर पेडल मारा.

नजर वर

थकवा आला की मान खाली पडते आणि नजर पुढच्या चाकावर खिळते. टाइम ट्रायलमधले गंभीर अपघात याच क्षणी होऊ शकतात: कडेला उभी असलेली गाडी, रस्त्यावर आलेला माणूस, दिसलाच नाही. एअरोबारवर हात ब्रेकपासून दूर असतात, म्हणून तर नजर आणखी लांब हवी. दर तीन श्वासांनी रस्ता शंभर मीटरपर्यंत बघा. वळण, खराब रस्ता, बाजूच्या वाऱ्याचे झटके, गर्दीचा चौक दिसला की हात लगेच ब्रेकवर. यात गेलेले दोन-तीन सेकंद मी कधीच मोजत नाही आणि तुम्हीही मोजू नयेत. मान दुखते म्हणून डोकं खाली जात असेल तर ढब फार खाली आहे असं समजा आणि घरी जाऊन एअरोबारच्या गाद्या एक सेंटिमीटर वर घ्या.

टप्प्यांच्या शर्यतीतला टप्पा असेल तर

तुम्हाला एकूण क्रमवारीत काही साधायचं नसेल आणि उद्या डोंगर असेल, तर पूर्ण जीव ओतायची गरज नाही. पण वेळेची मर्यादा विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांवर असते आणि ती प्रत्येक शर्यतीत वेगळी असते, ती आधी वाचून ठेवा. विजेता किती घेईल याचा अंदाज काढा, मर्यादेपेक्षा दोन मिनिटं राखून वेग ठरवा आणि टायर पंक्चर झालं तर त्यात किती जातील हेही धरा. क्रमवारीत असाल तर आपल्याहून सरस असलेल्या एकाशी नव्हे, आजूबाजूच्या चौघांशी तुलना करा.

त्याच संध्याकाळी

रेषेनंतर १०-१५ मिनिटं हलकं चालवा, मग खा. फाइल उघडून मार्गाचे चार समान तुकडे करा आणि प्रत्येकाची सरासरी वॉट लिहा. पहिला तुकडा शेवटच्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त असेल तर पुढच्या वेळी सुरुवातीचा आकडा आणखी १० वॉटने खाली आणा. शेवटचा फारच जास्त असेल तर लक्ष्य वाढवा. त्याखाली चार ओळी, फाइलमध्ये न दिसणाऱ्या: मान कुठे दुखायला लागली, कुठल्या वळणावर ब्रेक उगाच धरला, वारा कुठे बदलला, टायरमध्ये हवा किती होती. दोन आठवड्यांनी हे काहीच आठवत नाही, त्यामुळे आंघोळीच्या आधीच लिहून टाका.